‘एक्स्पोनेन्शियल’ म्हणजे नुसतं ‘झपाट्यानं’ का?

प्रश्न : कंपनीचे ग्राहक दोन महिन्यांत 200 वरून 400 झाले, तर अहवालात ‘एक्स्पोनेन्शियल वाढ’ लिहावी का? मराठीत काय म्हणावं?

उत्तर : लिहू नये, निदान एवढ्या माहितीवर तरी नाही. दोन आकड्यांमधून सरळ रेषाही जाते आणि वक्ररेषाही. सारख्या अंतरानं घेतलेले किमान चार-पाच आकडे हवेत. मग प्रत्येक आकड्याला आधीच्या आकड्यानं भागायचं. भागाकार जवळपास सारखा येत राहिला, तरच वाढ एक्स्पोनेन्शियल. वजाबाकी सारखी आली, तर ती सरळ वाढ.

दर महिन्याचे आकडे 200, 260, 338, 439 असतील, तर भागाकार दर वेळी 1.3 येतो. 200, 400, 600, 800 मध्ये तो 2, 1.5, 1.33 असा घसरतो. इथे दुसरी रांग पळते आहे आणि तरीही एक्स्पोनेन्शियल पहिलीच आहे! ती दुसरीला गाठते थेट नवव्या महिन्यानंतर : 2121 विरुद्ध 2000. म्हणजे हे विशेषण वेगाचं नाही, वाढीच्या पद्धतीचं आहे. वर्षाला 1 टक्क्यानं होणारी वाढही एक्स्पोनेन्शियलच, फक्त दुप्पट व्हायला तिला सुमारे 70 वर्षं लागतात. उलट 1, 4, 9, 16, 25 ही वर्गांची रांग भराभर फुगते, पण तिचा भागाकार 4, 2.25, 1.78 असा उतरत जातो. बातम्यांत गफलत होते ती इथे.

आकडे खूप असतील तर उभ्या अक्षावर लॉग स्केल (म्हणजे 1, 10, 100, 1000 असे दर वेळी सारख्या पटीनं वाढणारे आकडे सारख्या अंतरावर) घेऊन आलेख काढा. बिंदू सरळ चढत्या रेषेत आले, की वाढ एक्स्पोनेन्शियल. रेषा पुढे आडवी व्हायला लागली, तर वाढ ओसरते आहे. प्रत्यक्षात बहुधा तसंच होतं, कारण जागा, अन्न किंवा नवे ग्राहक कधीतरी संपतात. म्हणून कोणत्या काळापुरती वाढ एक्स्पोनेन्शियल होती, तेही लिहावं.

मराठीत गणिताच्या लेखनात ‘घातांकी वाढ’, सर्वसाधारण वाचकांसाठी ‘चक्रवाढ पद्धतीची वाढ’. नुसतं ‘खूप’ म्हणायचं असेल, तर ‘झपाट्यानं’ पुरेसं आहे.

प्रश्न : ‘हा फोन त्या फोनपेक्षा एक्स्पोनेन्शियली चांगला’ हे बरोबर का?

उत्तर : नाही. यात बदलत जाणारं काहीच नाही. ‘कितीतरी चांगला’ म्हणा. घट मात्र एक्स्पोनेन्शियल असू शकते : कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) सुमारे 5730 वर्षांत निम्मा होतो, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचा निम्मा.