आयन व्हिस्कॉसिटीचा आलेख सपाट झाला म्हणजे क्युअरिंग (रेझिन कडक होण्याची रासायनिक क्रिया) पूर्ण झाले का?

कार्बन फायबर-इपॉक्सी प्रीप्रेगच्या (आधीच इपॉक्सी रेझिन भिनवलेल्या कार्बन तंतूंच्या) थरात इलेक्ट्रोडचा सेन्सर बसवला आहे, १२० अंश सेल्सिअसवर आयन व्हिस्कॉसिटीचा आलेख सपाट झाला आहे, तर भाग साच्यातून काढावा का, असा आपला प्रश्न आहे. केवळ त्या सपाटीवर विसंबून काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेझिनमध्ये निर्मितीच्या वेळी मागे राहिलेले सोडियम, क्लोराइड यांसारखे आयन असतात आणि त्यांच्या हालचालीला होणारा विरोध सेन्सर मोजतो; हीच आयन व्हिस्कॉसिटी. तापमान चढताना रेझिन पातळ होऊन हा विरोध उतरतो; रेणूंचे जाळे विणले जाऊ लागले की तो पुन्हा चढतो. जेलेशनजवळ, म्हणजे रेझिन वाहणे थांबून जेलीसारखे होते तेव्हा, यांत्रिक व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध) अमर्याद वाढते, पण आयन जाळ्यातून सरकतच राहतात, म्हणून जेल बिंदूची ठळक खूण या आलेखावर सापडत नाही. जेल होण्याची वेळ रिओमीटरवर (यांत्रिक व्हिस्कॉसिटी मोजणाऱ्या यंत्रावर) काढून आलेखाशी जुळवावी लागते.

आता सपाटीविषयी. क्युअर होत असताना रेझिनचे काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली ते काचेसारखे टणक असते) वाढत जाऊन १२० अंशांच्या आसपास पोहोचले की रेझिन काचेसारखे गोठते आणि इपॉक्सी गट शिल्लक असूनही अभिक्रिया जवळजवळ थांबते, म्हणून आलेख सपाट होतो. याची परीक्षा सोपी आहे: उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत तापमान वाढवून स्थिर ठेवावे, विरोध आधी उष्णतेमुळे उतरेल, पण त्यानंतर स्थिर तापमानावर तो पुन्हा चढू लागला, तर अभिक्रिया बाकी होती असे समजावे. दुसरे म्हणजे, सेन्सरच्या विद्युत संकेताच्या १० किलोहर्ट्झसारख्या उच्च फ्रिक्वेन्सीवर शेवटच्या टप्प्यात आयनांऐवजी द्विध्रुवांचा (रेणूंतील धन-ऋण टोकांच्या जोड्यांचा)  प्रभाव वरचढ ठरून आलेख अकाली सपाट दिसतो, तर फार कमी फ्रिक्वेन्सीवर रेझिन पातळ असताना इलेक्ट्रोडपाशी आयन साचून वाचन फसवे ठरते. त्यामुळे १ हर्ट्झपासून वर अनेक फ्रिक्वेन्सींवर मोजावे आणि जिथे विरोधाचे आलेख एकमेकांवर बसतात, तोच भाग आयनांचा मानावा.

कार्बन तंतू विद्युतवाहक असल्याने सेन्सरवर बारीक काचतंतूच्या कापडाचा थर हवाच. रेझिन त्यातून झिरपते, तंतू मात्र इलेक्ट्रोडला भिडत नाहीत. दाब चढताच वाचन एकदम कोसळून पुढे तापमानालाही दाद देईनासे झाले, तर शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा. थर्मोकपल (तापमान मोजणारे साधन) सेन्सरच्या अगदी शेजारी असावे, कारण तापमान ठाऊक नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. शिवाय सेन्सरला इलेक्ट्रोडमधील अंतराइतकाच पातळ थर दिसतो, म्हणून जाड लॅमिनेटच्या (थरांवर थर रचून केलेल्या भागाच्या) गाभ्यातील तापमान वेगळे मोजावे, आणि पहिल्या भागाच्या तुकड्याचे काच-संक्रमण तापमान डीएससीवर (नमुना तापवून त्यातील उष्णतेचे बदल मोजणाऱ्या यंत्रावर) तपासूनच आलेखाची थांबण्याची मर्यादा ठरवावी.