घर-दार : तुमचे प्रश्न
पाण्याला तळमजला देऊन टाका

प्रश्न : नमस्कार सर, आमचं घर चिपळूणला बाजारपेठेच्या जवळ आहे. जांभ्याचं, आजोबांनी बांधलेलं. 2005 ला पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो, 22 जुलै 2021 ला घरात 9 फूट होतं, आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर. तेव्हा डागडुजी करून राहायला लागलो पण भिंती अजून ओल धरतात म्हणून आता पाडून नवीन बांधायचं ठरतंय. बाबा म्हणतात जोतं 5 फूट उचलू. कंत्राटदार म्हणतो आख्ख्या प्लॉटवर भराव टाकू. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो विका आणि डोंगराच्या बाजूला जागा घ्या. काय करावं? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी कंत्राटदाराचं बघू, कारण भराव शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तुम्ही भराव टाकला की तुमच्या प्लॉटवर मावणारं पाणी शेजारच्याकडे जाणार, मग पुढच्या वर्षी तोही टाकणार, त्यात नवीन काँक्रीटचा रस्ता करताना जुना खरवडत कोणी नाही त्यामुळे रस्ता दरवेळी वीतभर वर येतो, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं घर खड्ड्यात. चिपळूणच्या जुन्या आळ्यांमधे उंबरठे रस्त्याच्या खाली गेलेली घरं मी स्वतः बघितलीयेत, तिथे पुराची पण गरज नाही, वळीव पुरतो.

आता बाबांचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हिशोब दाखवा. पाणी 9 फूट, जोतं 5 फूट, म्हणजे घरात 4 फूट राहिलंच की! किचनचा ओटा पावणेतीन फुटांचा असतो. म्हणजे ओटा बुडाला, फ्रिज गेला, पलंग गेला, सोफा गेला, वर भरणीचा खर्च झाला तो वेगळा. उंची वाढवायची तर पाण्याच्या वर जाईल एवढी वाढवा, नाहीतर उगाच अर्ध्यात थांबू नका.

माझं मत सरळ आहे. तळमजला पाण्याला देऊन टाका. खाली नुसते आरसीसी कॉलम, गाडी, सायकली, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, फार तर एक बाथरूम, आणि राहायचं सगळं वर. भिंतीवर 2021 ची खूण असेलच, तिच्यावर अजून दीड-दोन फूट धरा आणि तिथे पहिली लादी. खाली भिंती बांधायचाच मोह झाला तर (होतो, सगळ्यांना होतो, "एक खोली भाड्याने देऊ" म्हणून) निदान प्लायवूड, पीओपी आणि फॉल्स सीलिंग लावू नका. पुरानंतर एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, त्यांचं नवं कोरं मॉड्युलर किचन पावासारखं फुगलं होतं, ड्रॉवर उघडेना म्हणून पहारीने फोडला तर आत चमचे आणि चिखल. त्याच घरात आजीच्या लग्नातलं सागवानी कपाट पुसून परत उभं! कडाप्पा, टाइल्स, सिमेंटचा गिलावा, लोखंडी दारं, हे सगळं धुऊन घेता येतं. मीटर आणि मेन बोर्ड पहिल्या मजल्यावर, खालच्या लाइटची एमसीबी वेगळी ठेवा, संडासाच्या लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) टाका नाहीतर नदीच्या आधी सेप्टिक टँक घरात येतो. आणि सिलिंडर साखळीने बांधा, पाण्यात तो तरंगतो.

जिना रुंद करा, हे फार महत्त्वाचं आहे. 2021 ला पाणी रात्री-पहाटे चढलं, वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही नद्या भरलेल्या, खाडीला भरती, आणि कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्यावरून नंतर जो वाद झाला तो तुम्हाला माहितीच आहे. कोयनेची वीज झाली की ते पाणी शेवटी वाशिष्ठीतच येतं, ही काही आजची गोष्ट नाही. मुद्दा असा की तुम्हाला सामान हलवायला दिवसाचे चार तास मिळतील असं धरू नका. रात्री 3 वाजता, लाइट गेलेले, घरात फक्त आई-बाबा, तेव्हा त्यांना जे जमेल तेवढंच वाचेल. घर तेवढ्यावर बेतून बांधा.

भावाचं म्हणणं चूक नाही पण डोंगर म्हणजे सुरक्षित असंही नाही. त्याच 22 जुलैला महाडजवळ तळीये गाव दरडीखाली गेलं, आणि आपल्या परशुराम घाटात दरड येते हे तुम्हाला मी काय सांगू. घ्यायची तर कापलेल्या उताराच्या पायथ्याची जागा नको, आणि वरून ओहोळ कुठून येतो ते ऐन पावसात उभं राहून बघा, मे महिन्यात प्लॉट बघून इसार देऊ नका. पुण्याच्या भावाला एक आठवण पण करून द्या. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, नंतर सनदी अधिकारी स. गो. बर्व्यांनी शहर उभं करायचं काम हातात घेतलं, पूरग्रस्तांना नदीपासून लांब गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. आणि मग पुढच्या पिढीने काय केलं? नदीकाठी परत सोसायट्या. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या.

गाळाचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. 2021 च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं तेव्हा कुठे वाशिष्ठीतला गाळ उपसायचं काम हललं. चांगलं झालं. पण गाळ दरवर्षी येतो, वरचे डोंगर बोडके आहेत तोवर येणारच, त्यामुळे "आता नदी खोल झाली" या भरवशावर तळमजल्याला बेडरूम काढू नका.

प्रश्न : सांगलीत प्लॉट घेतोय. एजंट म्हणतो निळ्या रेषेच्या बाहेर आहे, टेन्शन नाही. निळी-लाल रेषा म्हणजे नक्की काय? — एक वाचक, मिरज

उत्तर : निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची रेषा, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या एकाची. निळीच्या आत नवीन बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटींवर, आणि मुख्य अट अशी की राहती जागा लाल रेषेच्या पातळीच्या वर पाहिजे. त्यामुळे एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. त्याला विचारा लाल रेषेचं काय. आणि 100 वर्षांतून एकदा म्हणजे एकदा आला की 99 वर्षं सुट्टी असं नसतं हो, दरवर्षी शंभरात एक शक्यता असते, लागोपाठ पण येऊ शकतो. सांगलीकरांना हे शिकवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, ऑगस्ट 2019 ला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर होतं, आणि दोनच वर्षांनी 2021 ला परत शहरात. 2019 ला त्या प्लॉटवर पाणी किती होतं ते एजंटला नको, समोरच्या किराणावाल्याला विचारा.

प्रश्न : घराला रंग काढतोय. पुराची खूण सासूबाई पुसू नका म्हणतात, मिस्टर म्हणतात अपशकुन वाटतो. — एक वाचक, खेर्डी

उत्तर : सासूबाई बरोबर आहेत. हॉलमधे नको असेल तर जिन्यात किंवा मागच्या दाराशी ठेवा, ऑइल पेंटने एक बोटभर रेघ आणि शेजारी तारीख. पुढे मीटर, इन्व्हर्टर, देव्हारा कुठे बसवायचा ते इलेक्ट्रिशियन आणि सुतार त्या रेघेवरून ठरवतील, टेप काढून वाद घालायला नको. 2005 ची पण रेघ काढून घ्या, सासूबाईंना नक्की आठवत असेल, कुठल्या फळीपर्यंत होतं ते विचारा.