कंटेनर केबिनच्या दाराला झटका बसतो, सळई ठोकूनही का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की भांडुपच्या साईटवर 20 फुटी कंटेनरमध्ये पाच जण राहता. पाऊस सुरू झाल्यापासून उतरताना दाराची कडी धरली की झटका बसतो, आत काहीच जाणवत नाही, आणि वायरमनने बाहेर सळई ठोकून हिरवी वायर जोडली तरी फरक नाही. आधी एक करा: बाहेरच्या डीबीवरून (वीज वाटणाऱ्या बोर्डवरून) कंटेनरचा पुरवठा बंद करा. कोरडी रबरी चप्पल घाला, कंटेनरला हात लावू नका. पुरवठा बंद होईपर्यंत आतल्यांनी आतच थांबावं.

मी मुंबईत वायरिंगची कामं करतो, अशा केबिन बऱ्याच पाहिल्यात. आत काही जाणवत नाही म्हणून मंडळी निर्धास्त राहतात, तिथेच घात होतो. अख्ख्या डब्याला करंट उतरलेला असतो. आत पाय, भिंत, पलंग सगळं एकाच व्होल्टेजवर असतं. एक पाय ओल्या चिखलात टेकला आणि हात कडीवर राहिला की करंट तुमच्यातून जमिनीत जातो.

सळईने भागत नाही, कारण माती ही चांगली वाहक नाही. सळईचा रोध 20 ओहम धरला, तर 230 व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. 16 अँपिअरची एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) त्याला हलणारही नाही आणि डब्यात करंट तसाच राहील. करंटला परत जायला धातूची वाट लागते. म्हणून कंटेनरला येणाऱ्या केबलमध्येच फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थची तिसरी तार हवी, ती साईटच्या मुख्य अर्थिंगपर्यंत सलग. मग फॉल्टला शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि एमसीबी क्षणात पडते. साईटवर बहुतेक वेळा दोन तारांचीच केबल ओढलेली असते. तुमची आधी तीच बघा.

ही अर्थ तार डब्याच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट बसवायची. रंग खरवडून चकचकीत लोखंडावर, कल्हई केलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा कान) लावून, वरून ग्रीस; आपल्या खाऱ्या हवेत उघडा जोड लवकर गंजतो. लोखंडी शिडी, एसीचा स्टँड, पाण्याचा पाइप, शेजारचा दुसरा कंटेनर, सगळं याच सांगाड्याला तारेने जोडा. यालाच बाँडिंग म्हणतात. अमेरिकेत मोबाइल होमसाठी विद्युत संहितेच्या कलम 550 मध्ये हेच आहे: सांगाडा आणि धातूचे पाइप किमान 8 एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तांब्याच्या तारेने जोडायचे आणि घराच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल बॉडीपासून वेगळा ठेवायचा.

न्यूट्रलचं मुद्दाम सांगतो, कारण तुमच्याकडे मला तोच संशय आहे. अर्थची तार आलेली नसली की काही जण सॉकेटमध्ये अर्थ पिनला न्यूट्रलचा लूप मारतात, म्हणजे छोट्या तारेने दोन्ही जोडतात. टेस्ट लॅम्प लागतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, की चालू पंख्यातून किंवा बल्बमधून आलेला फेज त्या लूपने फ्रिजच्या बॉडीवर, तिथून डब्यावर उतरतो. प्रत्येक सॉकेट उघडून बघा आणि असा लूप दिसला तर काढा.

डीबीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. अर्थिंग थोडं कच्चं असलं तरी जीव वाचवते ती हीच. लूप असताना ती सारखी पडते, मग कुणीतरी वैतागून बायपास करतं. तुमच्याकडे तसं झालंय का तेही विचारा.

पुरवठा परत सुरू करण्याआधी वायरमनकडून सगळी उपकरणं काढून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) फेज-न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये रीडिंग घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलं तर पत्र्याच्या कडेने कुठेतरी वायर सोललेली असू शकते. खिडकीच्या चौकटीजवळचं भोक आधी तपासा.