रविवर्म्याची चित्रं बघायला तिरुवनंतपुरमला जातोय. अर्धा दिवस पुरेल का? काय चुकवू नये?

पुरेल. फक्त सोमवारी जाऊ नका, गॅलरी बंद असते. आणि चुकवायची नाहीत ती रविवर्म्याच्या भावाबहिणीची चित्रं. धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा आणि बहीण मंगलाबाई. लोक रविवर्म्याचं नाव शोधत या दोघांपुढून सरळ निघून जातात, त्याचा मला राग येतो.

२०१३ साली मी काकूला घेऊन गेले होते. आमच्याकडे बाबा आणि काका मिळून नाटकाचे पडदे रंगवायचे. सरस शिजवायचे काका, रंग कालवायचे काका. जंगल, नदी, आभाळ सगळं काकांच्या हातचं. राजवाड्याचे खांब आणि कमानी बाबांच्या. कोपऱ्यात सही मात्र एकट्या बाबांची. काका गेले तेव्हा शोकसभेत दादा म्हणाला, "काका बाबांना मदत करायचे." काकू समोरच बसली होती.

गॅलरीत काकू भराभर चालत होती, ती राजा राजा वर्म्याच्या चित्रापाशी थांबली. "हा कोण गं?" मी सांगितलं, रविवर्म्याचा सख्खा भाऊ, बारा वर्षांनी लहान. मुंबई, बडोदं, जिथे थोरला जाईल तिथे हा बरोबर. एकाच कॅनव्हासवर दोघांचे हात चालायचे. रोजनिशी लिहायचा, म्हणून तर आपल्याला हे कळलं. १९०५ मध्ये हा गेला, पुढच्याच वर्षी रविवर्मा. काकू वाकून पाटी बघत राहिली. इंग्रजी तिला येत नाही. पाटीकडे बोट करून म्हणाली, "हे याचंच नाव ना? वेगळं लिहिलंय ना?" हो म्हटलं. मग ती बाकावर जाऊन बसली आणि पुढचं काही बघितलंच नाही.

मंगलाबाईने रविवर्म्याचं व्यक्तिचित्र काढलंय, तेही नीट बघा. भावांसारखं गावोगाव हिंडणं तिच्या वाट्याला आलं नाही, तरी हात बघा काय आहे!

एक सांगायचं राहिलं. मी म्हणतेय ती जुनी श्रीचित्रा आर्ट गॅलरी. २०२३ मध्ये त्याच आवारात रविवर्म्याच्या नावाची नवी गॅलरी झाली, आता तिथे जा. आणि रविवर्मा थोर नव्हता असं मी म्हणत नाहीये. बाबाही थोरच होते.

पण दादा, तू हे वाचत असशील तर, जंगलाच्या पडद्यावर बाबांनी एक पानसुद्धा काढलेलं नाही. मी तिथे बसून बघितलंय.