वाचकांचे प्रश्न : इटालियन शब्दांतील आघात

प्रश्न : माझी मुलगी वडोदऱ्यात पाश्चात्त्य गायन शिकते आणि इटालियन गीतांचे शब्द देवनागरीत उतरवून घेते. कोणत्या अक्षरावर जोर द्यावा, हे कसे ओळखावे?
– एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बहुसंख्य इटालियन शब्दांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो आणि ते अक्षर स्वरान्त असल्यास त्यातील स्वर लांबतो, म्हणून ‘आमोरे’तील ‘मो’ दीर्घ म्हणावा. ‘तावोला’ (टेबल) यासारख्या शब्दांत मात्र पहिल्याच अक्षरावर आघात असतो आणि लेखनात तो दिसत नाही, कारण आघातचिन्ह प्रामुख्याने अन्त्य अक्षरासाठीच सक्तीचे आहे. तेथे शब्दकोश पाहण्याला पर्याय नाही.

द्वित्त व्यंजनाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, ‘नोनो’ म्हणजे नववा. पहिल्याची फोड ‘नोन-नो’ अशी होते आणि आपण ‘पत्ता’ म्हणताना ‘त’वर जसे क्षणभर थबकतो, तसेच येथे ‘न’वर थबकावे लागते. हे मराठी माणसाला सहज साधते, ही मोठी जमेची बाजू आहे.

शब्दसिद्धीत आघात बहुधा प्रत्ययाकडे सरकतो. ‘व्हिओला’ या वाद्यनामाला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागून ‘व्हिओलोने’ झाले, त्याला पुन्हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘व्हिओलोन्चेल्लो’. आघात अनुक्रमे ‘ओ’, ‘लो’ आणि ‘चेल’वर पडतो. मुलीने देवनागरी प्रतीत आघाताचे अक्षर अधोरेखित करावे आणि द्वित्त कधीही गाळू नये.