युद्धकाळातली जुनी जीप घेतली आहे. ती चालवणाऱ्या सैनिकांची आणि आधीच्या मालकांची आठवण कशी जपावी?

सगळ्यात आधी पेंटरला फोन करून थांबवा. तुम्ही लिहिलंय की गाडी विलीज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी जीप आहे, पुढच्या आठवड्यात ती पत्र्यापर्यंत खरवडून नवा लष्करी हिरवा रंग द्यायचाय आणि बंपरवर एखाद्या गाजलेल्या तुकडीचा नंबर टाकायचाय. त्या नंबरावरून तुमच्याशी थोडं भांडणार आहे, पण ते शेवटी.

माझ्याकडे अशीच एक जीप अकरा वर्षं आहे आणि मी नेमकं हेच करून बसलो. सगळी बॉडी सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूचा मारा करून रंग काढायला दिली. पत्रा चांदीसारखा परत आला, पण जे शोधायचं होतं ते वाळूबरोबर गेलं. युद्धात अमेरिकी सैन्याने जीपच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक रंगवले होते. जीपचे क्रमांक ‘२०’ ने सुरू होतात. युद्धानंतर ज्याच्या हाती गाडी गेली त्याने बहुतेक वेळा त्याच्यावरूनच ब्रश फिरवला, जुना रंग काढायचे कष्ट कोण घेतो? म्हणून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने एकेक थर उतरवायचा. नशीब असेल तर पिवळा, मग निळा, मग हिरवा, आणि त्या हिरव्यात अंधूक आकडे दिसू लागतात. दोन संध्याकाळी जातात. प्रत्येक थराचा फोटो काढा. मधले पिवळे-निळे थरही कुणाचे तरी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

पाट्यांकडे संशयानेच बघा. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर तीन पाट्या असतात, त्यातल्या एकीवर गाडी सैन्याला दिल्याची तारीख असते. पण हुबेहूब नकली पाट्या विकत मिळतात, त्यामुळे तिथला क्रमांक चासीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. बोल्टांच्या डोक्यांवर ‘एफ’ हे अक्षर दिसलं तर तो भाग फोर्डचा. १९४१ ते १९४५ मध्ये विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, आणि दुरुस्तीच्या कारखान्यांत एकीचं इंजिन दुसरीच्या चासीवर सर्रास चढायचं. तुमची ‘एक’ जीप कदाचित तीन जीपांची मिळून झालेली असेल. माझी तर नक्कीच आहे.

आता सैनिक. ‘ही जीप अमक्याची’ असं सहसा म्हणता येत नाही. ती तुकडीची असायची आणि ड्रायव्हर बदलत राहायचे. कागदांचंही नशीब वाईट. सेंट लुईसच्या दफ्तरखान्याला जुलै १९७३ मध्ये आग लागली, त्यात अमेरिकी सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. म्हणून माणसाची फाईल मिळाली नाही तर खचू नका, तुकडीची रोजची नोंद शोधा. अमेरिकी सैन्यातल्या कंपन्या, म्हणजे लहान तुकड्या, रोज सकाळी हजेरीचा अहवाल लिहीत, ब्रिटिश पलटणी युद्धदैनंदिनी ठेवत. कोण आजारी, कोण बदलून आला, कोण परतला नाही हे त्यात सापडतं. मात्र त्यासाठी तुकडी माहीत हवी, आणि ती कळायची शक्यता पुन्हा त्या रंगाच्या थरांतच असते.

कुणी म्हातारा सैनिक भेटलाच तर ‘युद्धात काय पाहिलंत?’ असं विचारू नका. एका मेळाव्यात काठी टेकत एक आजोबा माझ्या गाडीपाशी आले. काही बोलले नाहीत. लोखंडी जाळीमागे हात घातला, हेडलाइटचा नट फिरवला आणि दिवा उलटा करून इंजिनाकडे वळवला. रात्री इंजिन दुरुस्त करता यावं म्हणून तो तसा बनवलेला असतो. मला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं! मग ते ड्रायव्हरच्या सीटकडे बघून हसले, ‘अजून टाकीवरच बसता?’ पेट्रोलची टाकी खरोखरच त्या सीटखाली असते. पुढचा तासभर ते आपणहून बोलत होते. गाडीला हात लावू द्या, एवढंच सांगतो. अर्थात १९४५ साली अठरा वर्षांचा असलेला माणूस आता शंभरीला टेकलाय, म्हणजे बहुधा तुम्हाला मुलं-नातवंडंच भेटतील.

नंतरच्या मालकांना शोधणं त्या मानाने सोपं, आणि माझ्या मते तेवढंच मोलाचं. जीप दोन-चार वर्षं सैन्यात होती, शेतावर आणि गॅरेजांत सत्तरहून जास्त वर्षं. विकणाऱ्याला विचारा की त्याने कुणाकडून घेतली, मग त्याला विचारा, असं मागे मागे जा. जुनी नोंदणी, विम्याचे कागद, सीटखाली अडकलेली पावती, काहीही फेकू नका. हयात माणसांची नावं-पत्ते मात्र इंटरनेटवर टाकू नका. आधी एक साधं पत्र लिहा. मला एका मालकाच्या नातीने उत्तर पाठवलं, सोबत फोटो: पिवळ्या रंगाची माझी जीप, मागे नांगर, आणि बॉनेटवर बसलेली ती स्वतः, चार वर्षांची. तो पिवळा रंग मी पैसे देऊन घासून काढला होता. तिला हे लिहायला मला दोन आठवडे लागले.

आता बंपर. तिथे तुकडी, कंपनी आणि ताफ्यातला क्रम लिहिलेला असतो, म्हणजे तो नंबर खऱ्या माणसांचा पत्ता असतो. त्यातली काही परत आली नाहीत. थरांखाली तुमचा स्वतःचा नंबर सापडला तर खुशाल रंगवा. नाही सापडला तर बंपर कोरा ठेवा, गाजलेल्या तुकडीचा उसना घेऊ नका. माझा कोराच आहे. लोक विचारतात तेव्हा मी ग्लोव्ह बॉक्समधली वही काढतो. तीत पाच मालकांची नावं आहेत, नांगरवाला फोटो आहे, आजोबांनी सांगितलेलं जेवढं आठवलं तेवढं आहे. पहिल्या पानावर फक्त ‘१९४३ ते १९४६’ लिहिलंय आणि खाली जागा सोडलीय. गाडी विकली तर वही गाडीबरोबर जाईल.

चासी क्रमांकाचा आणि पाट्यांचा फोटो टाका, जुळतात का ते बघून सांगतो.