‘ब्रदर’ म्हणजे दादा की धाकटा?

प्रश्न असा आलाय की ईली पार्करच्या घरच्या पत्रांचं मराठी करताना ‘ब्रदर’ला नुसतं ‘भाऊ’ लिहून चालेल का, आणि ‘अंकल’चं काय करायचं.

आधी माणूस कोण ते सांगतो. पार्कर हा न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाचा सेनेका, म्हणजे त्या नावाच्या मूळ अमेरिकन जमातीचा, जन्म 1828, पेशाने इंजिनिअर, पुढे अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल ग्रांटचा लष्करी सचिव. 1865 मध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या जनरल लीच्या शरणागतीच्या अटींची स्वच्छ प्रत लिहिली ती यानेच, आणि 1869 ते 1871 तो इंडियन अफेअर्सचा, म्हणजे मूळ अमेरिकनांचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचा, कमिशनर होता, त्या पदावरचा पहिला आदिवासी. घरी भावंडं बरीच, निकोल्सन थोरला, न्यूटन धाकटा, बहीण कॅरोलाइन, आणि एकमेकांना पत्रं इंग्रजीत.

आता मुद्दा. सेनेका भाषेत ‘भाऊ’ असा मोघम शब्द वापरून भागत नाही, थोरला भाऊ ‘हाजे’, धाकटा ‘हागा’, थोरली बहीण ‘आजे’, धाकटी ‘कागा’. इंग्रजी ‘ब्रदर’मध्ये हे सगळं पुसलं जातं आणि मराठीत ते आपसूक परत येतं, कारण आपण पण दादा-ताईवालेच. म्हणून माझं मत ठाम आहे, निकोल्सनला ‘दादा’ आणि न्यूटनला नुसतं नावाने. पण मायना ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव’ करू नका. आमच्या आजोबांच्या निळ्या इनलँड पत्रांवर ‘ती. दादास’ असं वळणदार अक्षरात असायचं, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं, पण त्या शब्दांना आपल्या घराचा वास आहे, तो टोनावांडाच्या घराला लावायचा नाही.

‘अंकल’ जास्त अवघड आहे आणि मला तोच जास्त आवडतो. सेनेकात वडिलांच्या भावाला वडिलांचाच शब्द, ‘हानिह’, आणि आईच्या बहिणीला आईचाच, ‘नोयेह’. मामाला मात्र वेगळा शब्द, ‘होकनोसेह’. म्हणजे पत्रात ‘फादर’ दिसलं तर तो जन्मदाताच असेल असं नाही, चुलता पण असू शकतो, आणि ‘ब्रदर’ चुलत किंवा मावसभाऊ. मामेभाऊ-आतेभाऊ मात्र त्यात येत नाहीत. हे लुइस हेन्री मॉर्गन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाला पार्करच्या घरच्यांकडूनच कळत गेलं, दोघांची गाठ 1844 मध्ये ऑल्बनीच्या एका पुस्तकांच्या दुकानात पडली, तेव्हा पार्कर सोळा वर्षांचा होता. पुढे मॉर्गनने नात्यांच्या शब्दांवरच्या 1871 च्या ग्रंथात हीच घडी तमिळमध्येही दाखवली.

आणि आपले शब्द उघडून बघा ना. ‘मावशी’ आली ‘मातृष्वसा’वरून, आईची बहीण, आणि ‘चुलता’ म्हणजे ‘क्षुल्लतात’, धाकटा बाप! मावशीत आई आणि चुलत्यात बाप आपल्याकडेही दडलेत, फक्त आपण वेगळा शब्द ठेवला. ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणतो तेव्हा आपण सेनेकांच्या बरेच जवळ जातो.

म्हणून अनुवादात ‘काका’ हा शब्द सगळीकडे ठोकून देऊ नका. आधी वंशावळ समोर मांडा, आईकडून मांडा, कारण सेनेकांमध्ये कूळ आईचं लागतं, आणि मग प्रत्येक ‘अंकल’ कोणाचा कोण ते ठरवा. आईचा भाऊ निघाला तर ‘मामा’ बिनधास्त लिहा.